बंद्रु म्हणजे आले

मी मुळात तापट माणूस. लोहाऱ्यात एसटी स्टँडसमोर रेडिओ, टीव्ही, काय येईल ते दुरुस्त करतो, आणि गिऱ्हाईक समोर ठाण मांडून बसलं की माझं डोकं फिरतं. शांताक्का सकाळी नऊला येऊन बसल्या त्या हलेचनात.

त्यांनी त्यांच्या मालकांचा, अण्णारावांचा, छोटा कॉम्प्युटर आणला होता. वहीएवढा. तीस वर्षांपूर्वी भूकंपानंतर माकणीला आलेला एक परदेशी साहेब जाताना त्यांना देऊन गेलेला. गेल्या साली घशाच्या ऑपरेशननंतर अण्णारावांचा आवाज गेला, तेव्हापासून ते त्याच्यावरच बोलायचे. इंग्रजी अक्षरांत कानडी लिहायचे आणि लेक महेश्वरी आईला वाचून दाखवायची. अक्कांना कानडी, मराठी दोन्ही बोलता येतं, वाचता एकही येत नाही.

"शेवटच्या दिवशी लेक सासरी हुती," अक्का म्हणाल्या. "ह्यांनी एक ओळ लिहिली आन् माझ्याकडं फिरवली. मला काय कळणार? पाणी दिलं, गोळी दिली, उशी नीट केली. ते नुसती मान हलवायचे. पहाटं गेले. काय मागितलं आसंल रं योगीराज? माझ्याकडनं द्यायचं ऱ्हाऊन गेलं."

महेश्वरी आली, पण मातीच्या गडबडीत कुणाला सुचलं नाही. महिन्यानं बटण दाबलं तर पडद्यावर काही उमटेना.

मी खोलून बघितलं आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या. ह्या जुन्या मशीनच्या आत चार्ज होणारी एक बारकी बॅटरी असते. सेल संपले किंवा बदलायला काढले, तरी लिहिलेलं सगळं ती धरून ठेवते. तीच पाझरली होती आणि तिच्या पाण्यानं खालची तांब्याची पट्टी हिरवी पडून तुटली होती, म्हणून पडदा उजळत नव्हता. लिहिलेलं आता नुसत्या सेलांच्या करंटवर तगून होतं. आता नवी बसवायची, पण तोवर करंट एक क्षणही तुटू द्यायचा नाही. तुटला की ओळ गेली. तिची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

"अक्का, घरी जावा. झालं की फोन करतो."

"मी काय तुझा हात धरलाय का? भाकर आणलीया, खातोस?"

"काम चालू असताना मी खात न्हाय," मी खेकसलो.

बाहेरून करंटच्या दोन वायरी जोडल्या, सेल आणि जुनी बॅटरी काढली, हिरवं खरवडलं, तुटल्या जागी बारीक तार टाकली. दुकानात चार्ज करून ठेवलेली नवी बॅटरी बसवली. दुपारचे दोन वाजले होते. बटण दाबलं तशी पडद्यावर काळी अक्षरं उमटली.

"बंद्रु," अक्का ओरडल्या. "बंद्रु, बंद्रु!"

मला वाटलं, कुठं धूर दिसला म्हणून बंद कर म्हणतायत. झटक्यात वायरी उपटल्या. पडदा कोरा झाला.

"बंद का केलंस?"

"तुम्हीच म्हणालात की बंद कर."

"आरं, बंद्रु म्हणजे आले. कानडीत. हे आले, म्हणलं मी."

गिऱ्हाइकाचा कधी आला नव्हता एवढा राग मला स्वतःचा आला. वायरी परत जोडल्या, पण बटणावर बोट ठेवायची हिंमत होईना.

"दाब," अक्काच म्हणाल्या.

दाबलं. ओळ जागच्या जागी होती. तेवढा वेळ नव्या बॅटरीनं ती सांभाळली होती.

मला कानडी येत नाही. एकेक अक्षर जुळवत वाचलं, "शांता... ऊटा... आतेनु?"

"परत वाच."

तीनदा वाचायला लावलं. मग त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"काय मागितलंय?" मी विचारलं.

"कायबी न्हाय मागितलं. जेवण झालं का, इचारलंय." त्यांनी पडद्यावरच्या ओळीवरून बोट फिरवलं. "दोन दिस म्या काय खाल्लं नव्हतं रं. त्यांच्या ध्यानात हुतं."

मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. "आज तरी जेवलाय का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी टेबलावरचं सामान बाजूला सारलं आणि त्यांचं फडकं सोडायला लावलं. ज्वारीची भाकरी होती, शेंगाची चटणी होती. दोघं जेवलो. हात धुऊन अक्का पडद्यापुढं वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आतु."

त्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही.