चौथं यंत्र

डॉक्टरसाहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. एकदा नाही, एकोणीस वेळा. दर जानेवारीत आकाराम चौगुलेच्या कागदावर 'दोन्ही कान सामान्य' असं लिहून तुम्ही खाली सही ठोकलीत, आणि त्याच्या कानाला एकदाही काही लावलं नाहीत. मी छातीठोक सांगतो, कारण रांगेत त्याच्या मागं मीच असायचो. आत गेलं की मान वर न करता तुम्ही विचारायचात, "ऐकू येतंय का?" आम्ही म्हणायचो, "येतंय." झाली तपासणी. ज्याला प्रश्न ऐकू आला, त्याचे कान चांगले! आणि आम्ही तरी कुठले शहाणे? लवकर सुटलो म्हणून चहाला पळायचो.

फौंड्रीत आम्ही दोघं फेटलिंगला होतो. ओतून आलेल्या लोखंडाच्या कडा ग्राइंडरवर घासायच्या. आठ तास ती किंकाळी कानात. कापसाचे बोळेही आमचे आम्हीच घरून आणायचो.

आकाराम निवृत्त झाला आणि हेडफोन करायला बसला. मंडळांचे अँप्लिफायर दुरुस्त करायचा त्याला जुना नाद होता. शिकवलं कुणी नाही, हात भाजून शिकला.

मी म्हटलं, "पाचशे रुपयाला दुकानात मिळतोय की मर्दा."

"त्यो न्हवं बाळासो. ह्यो येगळा हाय. ह्येच्यात लोहचुंबकच न्हाय."

मग त्याने समजावलं. दोन भोकाभोकांच्या पत्र्यांमध्ये एक पडदा ताणायचा, इतका पातळ की बोट लागलं तरी गेला. त्या पडद्याला पाच-सहाशे व्होल्ट देऊन ठेवायचे. मग दोन्ही बाजूंच्या पत्र्यांत गाण्याचा करंट सोडला की पडदा मधल्यामध्ये हलतो आणि बोलतो. साधा अँप्लिफायर त्याला पुरत नाही, शेकडो व्होल्टचा वेगळा बांधावा लागतो. पण पडद्याला वजनच नसल्यामुळे बारीकातला बारीक आवाज त्यातून सुटत नाही.

आकारामला एकच बारीक आवाज हवा होता.

सत्त्याण्णव साली दिवाळीच्या बोनसमधून त्याने टेपरेकॉर्डर घेतला. चालतो का बघायला स्वयंपाकघरात ठेवला आणि बटन दाबलं. वैनी भाकरी थापत होत्या. अकरा मिनिटं भरलं गेलं ते तेवढंच. परातीतला धपधप आवाज, मध्येच वैनींचं ओरडणं, "अवो, बंद करा की त्ये, सेल संपत्यात!" आणि सगळ्यात दोन्ही हातांतल्या काचेच्या बांगड्या.

वैनी जाऊन आता चार वर्षं झाली. भिंतीवर फोटो आहे, पण फोटोतल्या वैनी गप्प. आणि वैनी कधी गप्प नव्हत्या.

"तवा साध्या टेपवरसुदा छनाछना वाजायच्या बग," तो म्हणायचा. "आता येत न्हाईत. पर टेपात हायत त्या. काढणारं यंत्र पायजे."

पहिलं यंत्र त्याने जेवण झाकायच्या प्लास्टिकचा पडदा लावून केलं. ते नुसतं गुरगुरलं. दुसऱ्यात ठिणगी पडून पडद्याला भोक पडलं. तिसरं बरं झालं, पण राधानगरीकडून ओली हवा आली की व्होल्ट गळायचे आणि कानात लाह्या फुटायच्या. चौथ्यासाठी त्याने पुण्याहून खरा पडदा मागवला. सायकलच्या ट्यूबवर तो पसरला, पंपानं हवा भरत भरत ताणला आणि नखानं नाही तर फुंकरीनं ताण बघितला. कानाला बसायच्या गाद्या त्याने चप्पल शिवणाऱ्या माणसाकडून मऊ कातड्याच्या करून घेतल्या. महिना गेला.

चौथं यंत्र लाह्या फोडत नव्हतं, गुरगुरत नव्हतं. त्याने अकरा मिनिटं ऐकलं आणि काढून माझ्या डोक्यावर घातलं.

"बांगड्या येत्यात का रं?"

मी डोळे मिटून ऐकलं. धपधप येत होती. वैनी येत होत्या.

"न्हाईत लका."

"मला बी न्हाईत."

त्याने ब्लेडनं पडदा कापून काढला. चौकट हलू नये म्हणून दोन्ही हातांनी मी धरली होती. हे मी विसरणार नाही, साहेब.

पाचव्यात त्याने अँप्लिफायर बदलला. वरचे सूर चढवायचा एक टप्पा त्यात घातला. सहाव्यात तो टप्पा दुप्पट केला. एक कंडेन्सर काढायचा, दुसरा लावायचा, ऐकायचं, मला ऐकवायचं. दोघंही मान हलवायचो. यंत्र चालू केलं की शेजारचं कुत्रं अंगणातून उठून चालू पडायचं. आम्ही हसायचो. "त्येला गाण्यातलं कळत न्हाय," आकाराम म्हणायचा.

शेवटी एके दिवशी तो म्हणाला, "जरा हायत वाटतंय."

"व्हय," मी म्हटलं. "लांब कुटंतरी."

तेवढ्यावर आम्ही दोघांनी पेढे खाल्ले.

त्याची लेक संयोगिता शिरोळला दिलेली. रविवारी ती आली. हात धुऊन ये म्हणाला, खुर्चीत बसवलं, देवाला हार घालावा तसं तिच्या डोक्यावर घातलं. टेप चालू केली.

तिने झटक्यात दोन्ही हातांनी ओढून काढलं.

"आण्णा! कान फुटतील की वो! टाचण्या टोचल्यागत व्हतंय."

"अगं, आय हाय त्येच्यात. ऐक तरी."

"कुटली आय? नुसत्या बांगड्या वाजायल्यात. बांगड्यांच्या म्होरं आयचा आवाजच येत न्हाय."

आकारामनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. संयोगिता एकदा बापाकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. मग तिला कळलं. ती उठून आत पाणी प्यायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

मंगळवारी ती आम्हाला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली. अस्मिता मॅडम म्हणून तिथली तपासणारी पोरगी, बोलायला गोड. काचेच्या खोलीत आकारामला बसवलं, हातात बटन दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला तो दाबत होता. मग थांबला. मला वाटलं मशीन बंद पडलं. मॅडम तर एकेक बटन फिरवत चालल्या होत्या. आत तो नुसता बसून, अंगठा तयार ठेवून, वाट बघत.

कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ आली आणि पुढं कडा तुटावा तशी खाली गेली.

"काका, आवाजाच्या कामात होता का?"

"फौंड्रीत."

"मग दरवर्षी तपासणी होत असेल ना?"

त्याने पिशवीतून तुमचे एकोणीस कागद काढून टेबलावर ठेवले. नीट लावून ठेवलेले, वर्षावार. मॅडमनी एकेक उलटला. "कानाला मशीन लावलं की बोललेलं समजायला सोपं जाईल," एवढंच म्हणाल्या. "पण हा वरचा भाग गेलाय, काका. तो परत येत नाही."

"बाळासो काका, तुम्ही पण बसता का?" संयोगितानं विचारलं.

मी म्हटलं, "नको." मला कळलं होतं.

जिना उतरताना मी शिव्या घालत होतो. तुम्हालाच, साहेब. म्हटलं, तक्रार करू, कागद हायत आपल्याकडं. आकाराम मधल्या पायरीवर थांबला. त्याचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

"चवथ्यापातूर मी काय चढवलं न्हवतं," तो म्हणाला. "सरळ हुतं सगळं."

"कशाचं काय?"

"यंत्राचं. चवथं बरोबर हुतं बाळासो. त्येच्यात ती हुती. समदी हुती. आन् आपुन कापून काढली."

संयोगिता खालून हाक मारत होती, रिक्षा थांबली होती.

घरी जाऊन त्याने सहावं यंत्र उलगडलं. चढवलेले टप्पे काढून टाकले, चौथ्याचा नकाशा पुढं घेतला आणि ते पुन्हा बांधायला बसला. कानावर आता भरवसा नव्हता, म्हणून सगळं मीटरवर. पडद्याचा ताण मापून, दोन पत्र्यांमधलं अंतर मापून, व्होल्ट मापून. जे आपल्याला कधीच ऐकू येणार नाही ते माणूस कसं जुळवतो, हे मी सव्वा महिना रोज बघितलं. तक्रारीचं मी पुन्हा काढलं तर म्हणाला, "कुणाला सांगू? 'येतंय' आपुनच म्हनलो की."

परवाच्या रविवारी संयोगिता पुन्हा येऊन बसली. यावेळी तिने काढून टाकलं नाही. 'सेल संपत्यात' आलं, तिथं ती हसली. मग तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे वाहायला लागले. आकारामनं अँप्लिफायरला काट्याचं एक मीटर बसवलं होतं. तो लेकीकडं बघत नव्हता, काट्याकडं बघत होता. धपधपीला काटा मोठा हलायचा. दोन धपक्यांच्या मध्ये तो जिथं बारीक थरथरायचा, तिथं आकाराम चष्मा सारून आणखी जवळ वाकायचा.

टेप संपली.

"आल्या?"

"आल्या आण्णा."

"कशा हायत?"

तिने तोंड उघडलं. "किण... न्हाई, तसं न्हाई." पुन्हा बघितलं सांगून, पुन्हा थांबली. तिला येईना. आकारामनं वायर गुंडाळली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. च्या टाक."

लेकीला सांगता आलं नाही. मला तर विचारूच नका, मी त्याच रांगेतला. पण साहेब, तुम्ही दार लावून आतल्या खोलीत बसायचात, तुमचे कान शाबूत असणार. पेन्शन खात इथंच कुठंतरी, कोल्हापुरातच असाल. या एकदा. आकारामच्या समोरच्या खुर्चीत बसा, डोक्यावर घाला, अकरा मिनिटं काढा. आणि मान वर करून, त्याच्या तोंडाकडं बघून सांगा त्याला: त्याच्या बायकोच्या बांगड्या कशा वाजतात?