चेंडू त्याच्याकडे गेला की

त्या घरात कुणालाच स्वतःचं नाव उरलं नव्हतं. बायको झोपण्याआधी दोनदा गॅस तपासायची, म्हणून ती 'तपासणीस'. शेजारचे गृहस्थ रोज सकाळी वर्तमानपत्र मागायला यायचे, म्हणून ते 'पुरवणी'. आणि अकरा वर्षांची मुलगी प्रत्येक गोष्ट सावकाश करायची, म्हणून ती गेली तीन वर्षं 'गोगलगाय'. ही सगळी नावं घरच्या कर्त्या पुरुषाने ठेवलेली. तो बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. आवाज उत्तम, स्वभाव हजरजबाबी, चार माणसांत बसला की हशा पिकवणारा. अशी माणसं सगळ्यांना हवीहवीशी वाटतात. मलाही वाटायची.

त्या शनिवारी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा नवा हंगाम सुरू होणार होता. तो शर्टाला इस्त्री करत होता आणि मुलगी शाळेचे बूट घालत होती. एक नाडी नीट बसली नाही म्हणून तिने ती सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"चला गोगलगाय, शाळा सुटायच्या आत पोचू या," तो म्हणाला. मुलगी हसली. ती नेहमीच हसायची.

ती गेल्यावर बायकोने पर्समधून एक चिठ्ठी काढली. मुलीचं हे नाव आता शाळेत पोचलं होतं. वर्गात मोठ्याने वाचायला सांगितलं की ती जागची उठत नाही, असं बाईंनी लिहिलं होतं.

"अगं, गंमत असते ती," तो म्हणाला. "तिने कधी तक्रार केलीय का?"

बायकोने ती चिठ्ठी फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवली आणि ती कामाला लागली. बोलून उपयोग होत नाही हे तिला बारा वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं.

सामन्यांच्या दिवशी या माणसाला दुसरं एक काम असे. मैदानाच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत एक रांग अंध प्रेक्षकांसाठी राखून ठेवलेली होती. त्यांच्या कानांना हेडफोन, आणि मागच्या काचेच्या केबिनमध्ये माईकसमोर हा निवेदक. जे दिसतं ते त्याने सांगायचं आणि त्यांनी ते कानांनी पाहायचं. नेहमीची सहा माणसं होती. त्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाई होत्या, आणि खुर्च्या वेताने विणून देणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे वेतवाले म्हणत. ही माणसं त्याच्या आवाजावर जीव टाकायची. त्यालाही या कामाचं समाधान होतं, आणि ते खोटं नव्हतं.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात एक गोष्ट घडली होती. सामना संपायला पाच मिनिटं उरलेली, बरोबरी झालेली, आणि आपल्या संघाचा चार नंबरचा बचावपटू, वीस वर्षांचा मुलगा, धावता धावता एकदम थांबला. प्रतिस्पर्धी त्याच्या शेजारून निघून गेला आणि गोल झाला. करंडक हातचा गेला. निवेदक माईकवर म्हणाला, "चार नंबर उभाच आहे. पुतळा झालाय त्याचा. डोक्यावर कबूतर बसायचं तेवढं बाकी आहे."

त्या दुःखातही सहाजण हसले. वेतवाल्यांनी तो विनोद घरी नेला, त्यांच्या पुतण्याने फोनवरून मित्रांना पाठवला, आणि आठवड्याभरात चार नंबरला पुतळा म्हणणार नाही असा माणूस शोधून सापडेना. निवेदकाने बसस्थानकावर छाती फुगवून सांगितलं होतं की हे आपलं बरं का.

शनिवारी दुपारी मैदानाला नव्या रंगाचा वास येत होता. गोलांना कोरी जाळी होती, गॅलऱ्या भरल्या होत्या, आणि लोक एकमेकांना कितीतरी दिवसांनी भेटल्यासारखे मिठ्या मारत होते. निवेदक केबिनमध्ये शिरला तेव्हा रांगेत सातवा हेडफोन लावलेला दिसला. क्लबच्या कारकुनाने एका पन्नाशीच्या बाईंना हाताला धरून ऑपरेटरबाईंच्या शेजारी बसवलं होतं. त्या वळून खिडकीकडे बोलल्या.

"भाऊ, चार नंबर माझा मुलगा आहे. साखरेने माझे डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. मी त्याला खेळताना पाहिलंय ते शाळेच्या मैदानावर, गुडघे फोडून घ्यायचा तेव्हा. तो नको येऊस म्हणत होता, मीच हट्ट केला. नीट सांगा हं. तो दिसतो कसा, तेही सांगा."

निवेदक "सांगतो काकू" म्हणाला.

सामना सुरू झाला. चौथ्या मिनिटाला चेंडू चार नंबरकडे आला, आणि वीस हजार माणसांचं मैदान अचानक गप्प झालं. पूर्वेची अख्खी गॅलरी उठून ताठ उभी राहिली होती. हात अंगाला चिकटवलेले, नजर समोर, कुणी पापणी हलवत नव्हतं. कित्येकांच्या डोक्यावर कागदाची पांढरी कबुतरं होती. सुट्टीत लोकांनी घरी बसून ती कापली होती, चिकटवली होती, काहींनी चोची रंगवल्या होत्या. मुलाने चेंडू पुढे दिला आणि सगळं मैदान हसत खाली बसलं.

निवेदक माईकवर एवढंच म्हणाला, "चेंडू चार नंबरकडे. त्याने पुढे दिला."

कबुतरं त्यानेच तर पाठवली होती! ती अशी भरल्या मैदानावर समोर येऊन बसतील हे त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी आईने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि मागे वळून विचारलं, "भाऊ, माझ्या मुलाकडे चेंडू गेला की सगळे गप्प का होतात? श्वास रोखून बघतात का?"

खरं सांगायला तोच एक क्षण होता. तो म्हणाला, "हो काकू. श्वास रोखून बघतात."

"आणि मग हसतात?"

"खूश होऊन हसतात."

ती बाई सावरून बसली. मग दर वेळी मैदान गप्प झालं की तिचा चेहरा उजळायचा आणि ती शेजारच्या ऑपरेटरबाईंचा हात घट्ट धरायची. ऑपरेटरबाई हात धरू द्यायच्या, पण त्यांची मान खाली गेली होती. त्या खोट्यावर ती आई अर्धा तास सुखात होती. काचेआडून ते सुख बघणं निवेदकाला सोसवेना, पण आवाज थांबवता येत नव्हता.

मध्यंतर झालं. तिला बाजूला नेऊन सांगावं म्हणून तो केबिनमधून बाहेर आला, पण वेतवाल्यांनी त्याआधीच तोंड उघडलं होतं. माणूस वाईट नव्हता. पाहुणीला बरं वाटावं म्हणून तो कौतुकाने सांगत होता की तुमचा मुलगा भलता प्रसिद्ध आहे, आज चेंडू त्याच्याकडे गेला की अख्खं मैदान पुतळ्यासारखं उभं राहणार असं पुतण्या सांगत होता, आणि पुतळा हे नाव आमच्याच निवेदकांनी ठेवलंय, इथेच, याच केबिनमधून.

आईने आपला हात सोडवून घेतला. ती म्हणाली, "म्हणजे ते त्याला हसत होते. आणि मीही हसत होते त्यांच्याबरोबर."

"काकू, ते नाव मी ठेवलं," निवेदक म्हणाला. "मघाशी खोटंही मीच बोललो."

"तो का थांबला ते विचारलंत का कुणी?" तिने विचारलं. "त्याला शिट्टी ऐकू आली होती. पंचांनी खेळ थांबवला असं वाटून तो थांबला. त्याने प्रशिक्षकांना सांगितलं, पेपरवाल्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, बहाणे करतोय."

ऑपरेटरबाई म्हणाल्या, "शिट्टी वाजली होती. पंचांची नव्हती. उत्तरेकडच्या गॅलरीतून कुणीतरी वाजवली होती. मी ऐकली."

"मग तुम्ही त्याच वेळी का नाही सांगितलंत?" निवेदकाने विचारलं.

"तुम्ही विनोद केलात, सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर कोण सांगणार, की अहो, हसू नका, पोराची चूक नव्हती? तीस वर्षं मी लोकांचे आवाज जोडून दिले. चुकीचा नंबर लागला तर मी तिथल्या तिथे तोडायची. या वेळी माझ्या कानांनी ऐकूनसुद्धा मी तोडला नाही. दोन महिने झाले. तुम्ही नाव ठेवलंत, पण ते चालू दिलं आम्ही. तुमच्या एकट्याच्या माथी मारून मी सुटणार नाही."

वेतवाले रडायला लागले. आईने त्यांची समजूत काढली नाही. निवेदकाने माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "माफी त्याची मागा. मला आता खरं सांगा. जे दिसेल ते सगळं."

उत्तरार्ध सुरू झाला आणि त्या केबिनमधून पहिल्यांदा सगळं सांगितलं गेलं. निवेदकाने चार नंबरचं खरं नाव घेतलं. तो उंच आहे, डावा खांदा किंचित खाली ठेवून धावतो, चेंडू यायच्या आधी दोन्ही तळहात पँटला पुसतो. आणि आता चेंडू त्याच्याकडे आलाय, समोरची गॅलरी उभी राहिलीय, तिथे एक बाप आहे, त्याच्या खांद्यावर लहान मुलगी आहे, तिच्या डोक्यावर कागदी कबूतर आहे आणि ती हलू नये म्हणून बापाने तिचे पाय धरून ठेवलेत.

आईने मान हलवली. ती ऐकत होती.

साठाव्या मिनिटाला पुन्हा चेंडू आला आणि पुन्हा मैदान गप्प झालं. या वेळी मुलाने चेंडू पुढे दिला नाही.

"तो थांबलाय," निवेदक म्हणाला. "चेंडूवर पाय ठेवून उभा आहे. गॅलरीकडे बघतोय. सोबतचे खेळाडू ओरडतायत, त्याला ऐकू येत नसावं. आता त्याने चेंडू हळूच रेषेबाहेर ढकललाय. तो चालायला लागलाय. बाहेर चाललाय. त्याला कुणी बोलावलेलं नाही, तो आपणहून चाललाय."

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हाही गमतीचाच भाग आहे.

आईने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "मला त्याच्याकडे न्या," ती म्हणाली. सामना अर्धवट टाकून निवेदक कधी उठला नव्हता. त्याने रांगेकडे पाहिलं. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "जा तुम्ही. आम्हाला यापुढचं नाही ऐकलं तरी चालेल."

खेळाडूंच्या खोलीपर्यंतचा बोळ लांब होता. दार अर्धवट उघडं होतं. मुलगा बाकावर डोक्यावरून टॉवेल घेऊन बसलेला दिसत होता, पायात अजून बूट होते. निवेदकाने त्याला नावाने हाक मारली. ज्या आवाजावर बसस्थानकातली शेकडो माणसं एका वेळी वळून बघायची, त्या आवाजाने तो वळला नाही. आईने बोटांनी चौकट चाचपली, ती आत गेली आणि दार लागलं. आतून काहीच ऐकू आलं नाही. निवेदक माफीचे शब्द तोंडात धरून सामना संपेपर्यंत बाहेर उभा राहिला, आणि मग पहारेकऱ्याने त्याला जायला सांगितलं.

पुढचं सांगून टाकतो. रविवारी बाकीचे सामने झाले, आणि लीगच्या पहिल्या आठवड्याला विक्रमी गर्दी झाल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. बुधवारी संघाची यादी लागली तेव्हा त्यात चार नंबर नव्हता. निवेदकाने क्लबला पत्र लिहून शिट्टीची हकीकत कळवली, खाली ऑपरेटरबाईंनी सही केली. पत्र मिळाल्याचं उत्तर आलं. मुलगा गावी परतला, असं कुणी म्हणतं. त्याला फुटबॉल खेळताना त्यानंतर कुणी पाहिलेलं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी निवेदक घरी आला तेव्हा मुलगी खिडकीपाशी गृहपाठ करत बसली होती. फ्रीजवरची चिठ्ठी त्याने आता पुरी वाचली. मग तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली. ती लिहीतच राहिली. त्याने पुन्हा हाक मारली. तिने मान वर केली, दाराकडे पाहिलं, कुणी पाहुणं आलंय का ते पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"बाबा, मला म्हणालात?" तिने विचारलं.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. ती घाबरली, आणि त्याला बरं वाटावं म्हणून हसली.

वाचकहो, असं एखादं नाव आपल्याही घरात, कचेरीत, वर्गात चालू असेल. आपण ठेवलेलं असेल किंवा दुसऱ्याने ठेवलेलं, आणि आपण फक्त हसलो असू. ते आजच थांबवा. ज्याला ते नाव पडलंय त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, आणि त्याची बाजू तुमच्या कानावर आली असेल तर चारचौघांत बोलून दाखवा. त्याने कधी तक्रार केली नाही, असं कृपा करून म्हणू नका. तो हसला असेल, तरीसुद्धा. आपण सगळे हसत होतो, आणि त्याला आपल्यातच राहायचं होतं, म्हणून तो हसला.