विणकरणींपुढे प्लायवूड

मला बहिरी म्हणणाऱ्यांचं मी मनावर घेत नाही. तीस वर्षं साचेखात्यात, दीडशे माग धडधडत असताना उभी राहिले, कान गेले त्यात नवल काय? पण आमच्या विचुग्यात, रशियातल्या या गिरणगावात, विणकरणीचं कानावाचून अडत नाही. खात्यात घसा फुटेस्तोवर ओरडलं तरी शेजारणीला कळत नाही, म्हणून आम्ही आवाज न काढता बोलतो. एकीने ओठ हलवायचे, दुसरीने वाचायचे. चार माग सोडून पलीकडच्या बाईशी आम्ही सासूच्या कागाळ्या केल्यात, लग्नं जुळवलीत, मुकादमाला त्याच्या तोंडावर शिव्या घातल्यात. तो बापडा हसून मान हलवायचा.

माझी भाची फाया याच गावात, माझ्याच घरात वाढली. माझी बहीण गेली तेव्हा ही सात वर्षांची. तिला एक सवय लागली ती कायमची. काही सांगायचं असलं की आधी माझ्याकडे तोंड वळवायचं. बटाटे सोलत असो, वेणी घालत असो, ती वळणार आणि मगच बोलणार. मोठी होऊन तीही मागावर लागली.

ती गाते, आणि जीव ओतून गाते, हे मला लोकांकडूनच कळायचं. गिरणीच्या सांस्कृतिक भवनात ती, रिम्मा आणि इंगा अशा तिघी एकत्र गायच्या. तिघी एकाच पाळीतल्या. नाव घेतलं ‘इवोल्गा’, आमच्याकडच्या पिवळ्या पाखराचं. झगे मी शिवायची, गिरणीच्या फुलाफुलांच्या चिटाचे. फायाच्या झग्याला कापड जरा जास्त लागायचं. खात्यापित्या घरची पोर ती!

सत्त्याण्णव साली मॉस्कोहून वादिम ल्वोविच आले. चामड्याचं जाकीट, दोन बोटांत अंगठ्या. गाणं ऐकून म्हणाले, सोनं आहे. तिघींना इवानोवोला स्टुडिओत नेलं आणि कपडेवाली म्हणून मीही गेले. ते काचेपलीकडे मशिनवाल्याशी बोलत होते. त्यांना वाटलं, मधे जाड काच आहे, कोणाला काय ऐकू जातंय!

“जाडीला स्टेजवर ठेवता येणार नाही. आवाज तिचाच घे, चेहरा मी मॉस्कोहून आणतो,” असं ते म्हणाले. मी शब्दन्‌शब्द वाचला.

परतीच्या बसमध्ये मी फायाला धरलं. “तुला माहितीये तो मेला काय ठरवून बसलाय?”

ती माझ्याकडे वळली. “माहितीये मावशी. सांगितलंय त्याने मला. मी हो म्हटलंय.”

“अक्कल गहाण टाकलीस का गं?”

“मी नाही म्हटलं तर रिम्मा-इंगाचंही जाईल. निम्मे माग बंद पडलेत. त्यांनी करायचं काय? गाणं तर माझंच वाजणार ना.”

राग एवढा आला होता की घरी जाऊन निष्कारण दोन बादल्या धुणं धुतलं.

नवीन वर्ष उजाडेपर्यंत ‘इवोल्गा’चं गाणं घराघरातल्या रेडिओवर वाजू लागलं. शेजारणी माझ्यासाठी आवाज मोठा करायच्या. मी रेडिओवर तळहात ठेवायची. लाकूड थरथरायचं, बाकी काही नाही. रेडिओला ओठ नसतात. सगळ्या देशाने माझ्या पोरीचं गाणं ऐकलं, मीच तेवढी राहिले होते.

फायाच्या जागी स्नेझाना नावाची मॉस्कोची मुलगी उभी राहू लागली. काठीसारखी बारीक, पण स्वभावाने वाईट नव्हती. टेप लावायची आणि वर नुसते ओठ हलवायचे. आमचे गाणारे अशा टेपला प्लायवूड म्हणतात. सगळा देश त्यावर नाचतो, कोणी तक्रार करत नाही.

पण वादिम ल्वोविचना हाव सुटली. आठ मार्चला, बायकांच्या सणाला, टीव्हीवाल्यांना घेऊन कार्यक्रम थेट विचुग्यात करायचा, गिरणीच्या पोरी आपल्या गिरणीत! हात दाखवून अवलक्षण दुसरं काय? सहाशे विणकरणींपुढे माणूस खोटे ओठ घेऊन आला.

त्या दिवशी फाया माझ्याबरोबर पडद्याआड होती, इस्त्री करत. आठ मार्च आहे म्हणून मी तिला बळेच तिचा झगा घालायला लावला होता. वर ॲप्रन, हातात टाचण्या.

गाणं सुरू झालं. पायाखालच्या फळ्या थरथरल्या तेव्हा मला कळलं. पहिलं कडवं स्नेझानाने कसंबसं निभावलं. दुसऱ्याला शब्द विसरली आणि नाचाचे आकडेच म्हणू लागली. तिसऱ्या रांगेत लिदा बसली होती, माझी जुनी जोडीदारीण. तिने शेजारणीकडे वळून ओठ हलवले, “ही गाणं म्हणतेय का गोण्या मोजतेय?”

मग ते पसरलं. रांगेमागून रांग, सहाशे तोंडं हलू लागली, आवाज एकीचाही नाही. “फाया कुठाय?” “आवाज आपल्या फायाचा, ही कोण भवानी?” लिदाला पडद्याच्या फटीतून आम्ही दिसलो. “ती बघा तिथे! फाया, बाहेर ये गं!” आणि सगळं सभागृह तेच म्हणू लागलं. बाहेर ये. बाहेर ये.

वादिम ल्वोविच आनंदाने कॅमेरावाल्याचा दंड ओढत होते. “बघ, बघ, सगळ्या बरोबर गातायत!”

फायाचे डोळे भरले. तिने ओठांनीच सांगितलं, “मला मनाई आहे.”

“मनाई करणाऱ्याला उभा कर माझ्या मागावर!” लिदा म्हणाली.

फाया जागची हलेना. तिची नजर रिम्मा आणि इंगावर होती. त्याही आमच्याच खात्यातल्या, त्यांनी सगळं वाचलं होतं. नाचता नाचता रिम्माने कॅमेऱ्याकडे पाठ केली. “ये गं. आमची काळजी करू नकोस. मागावर परत जाऊ, पण असं नको.” इंगाने मान डोलावली.

मी फायाच्या ॲप्रनची गाठ सोडली. टाचण्या माझ्या हातात देऊन ती गेली.

स्नेझानाने तिला पाहिलं आणि माईक असा पटकन दिला, जणू गरम पातेलं होतं. फायाने ओठ उघडले, आणि सभागृहातल्या सहाशे बायका उठून उभ्या राहिल्या. इंगा धावत गेली, तिने टेप बंद केली. पायाखालची फळी निपचित झाली. वादिम ल्वोविच कॅमेऱ्यापुढे हात आडवे करत होते, पण कॅमेरावाला विचुग्याचाच जावई होता. त्याने त्यांना कोपराने बाजूला सारलं.

फाया पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागली. मला तिचा नुसता गाल दिसत होता. लोकांचे चेहरे बघून मी समाधान मानलं. शेवटचं कडवं आलं तेव्हा ती थांबली, आणि कॅमेरे, लोक, सगळं सोडून माझ्याकडे वळली. बटाटे सोलताना वळायची तशीच.

“नदीवरचा बर्फ फुटला की मला हाक मार,
मी पलीकडच्या काठावर आहे, मला ऐकू येईल.”

वादिम ल्वोविच ओरडत होते, “इकडे बघ! कॅमेऱ्याकडे!” तिने बघितलं नाही. मी पडद्याला धरून उभी राहिले आणि हमसाहमशी रडले, पण डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर शब्द गेले असते.

टीव्हीवर तेच दाखवलं गेलं, आणि पुढच्याच आठवड्यात पत्रांची पोती आली. वादिम ल्वोविच आता सांगत फिरतात की कल्पना त्यांचीच होती. ‘इवोल्गा’त आता चौघी आहेत, स्नेझाना नाच बसवते. काल त्यांचं पोस्टर इवानोवोच्या स्टेशनावर पाहिलं. झगा मी शिवलेला, कापड जरा जास्त लागलेला.

फाया कुठल्याही शहरात असो, शेवटचं कडवं बाजूला वळून गाते. पेपरवाले म्हणतात, ही तिची खास लकब आहे. म्हणोत. मला जमेल तेव्हा मी पडद्याआड खुर्ची टाकून बसते, आणि ऐकते.