धूळ बसलेला रस्ता

नेब्रास्कात ऑगस्ट लागला की मका माणसाच्या डोक्यावरून जातो आणि खडीचे रस्ते त्यात बुडून जातात. मैला-मैलावर चौफुली, पण थांबायला सांगणारी पाटी औषधालाही सापडायची नाही. आडव्या रस्त्याने कोण येतंय ते दिसत नाही. तरी तिथली माणसं बिनधास्त गाडी हाकतात, कारण त्यांची नजर मक्याच्या शेंड्यांवर असते. गाडी येत असली की तिथे धुळीचा लोट उठतो. लोट दिसला तर ब्रेक, नाही तर सरळ पुढे. टेसाच्या बाबांनी तिला हेच शिकवलं होतं.

टेसा चौदा वर्षांची. व्हॉलीबॉलचा सराव आटोपून ती शाळेतल्या कोल्बीच्या गाडीत मागे बसली होती. शेजारी तिची जिवलग मैत्रीण मारेन, पुढे कोल्बीचा दोस्त जोरी. कोल्बीला परवाना मिळून महिनाही झाला नव्हता. कायद्याने त्याला घरच्यांखेरीज एकच पोरगा बसवायची मुभा होती. पण कायदा मक्यात कुठे बघायला येतो? गाडी सुसाट होती, गाणी कान फोडत होती.

"ए आजीबाई, पट्टा घट्ट आहे ना?" जोरीने मागे वळून विचारलं. मागच्या आठवड्यात एक रानकोंबडा आडवा आला तेव्हा टेसा किंचाळली होती, तेव्हापासून हे नाव चिकटलं होतं. मारेन खिदळली. टेसाने तोंड फिरवलं आणि मागच्या काचेतून बाहेर पाहिलं.

एरवी त्या काचेतून धुळीशिवाय काही दिसत नसे. आज मागचा रस्ता लांबवर स्वच्छ दिसत होता, ओलसर आणि काळपट. रात्री झोडपून पाऊस पडला होता. सकाळी बाबा खुशीत शीळ घालत होते. आपलीच धूळ उडत नाहीये, तर दुसऱ्या कुणाची कशी उडेल?

"कोल्बी, चौफुलीला हळू घे ना."

"का गं? धूळ दिसली का कुठे?"

"अरे, पाऊस पडलाय. आज धूळ उडतच नाहीये."

"मग तेच तर म्हणतोय. धूळ नाही, गाडी नाही!"

"आजीबाईंना गुडघ्यावर घोंगडी द्या रे कुणीतरी," जोरी म्हणाला.

मारेनने तिला कोपर मारलं. "गप ना, टेसा. लाज काढतेस माझी."

चौफुली आली आणि गेली. कोल्बीने अॅक्सिलरेटरवरचा पाय जरासुद्धा उचलला नाही. दोन्हीकडे फक्त मक्याची भिंत सरकली. काही झालं नाही.

"आहेस ना जिवंत?" कोल्बी आरशातून हसला.

टेसाला रडू फुटायचं बाकी होतं. प्रत्येक चौफुली सुखरूप गेली की तो जास्तच खरा ठरत होता आणि ती जास्तच खुळी. पुढची चौफुली लांबून दिसायला लागली. ओरडावं तर हे पुन्हा हसणार, आणि हसण्याच्या भरात कोल्बी आणखी जोर देणार. त्याला भीती एकाच गोष्टीची होती. गाडी त्याच्या आईची होती आणि सीट नव्या होत्या.

"मला उलटी होतेय," ती म्हणाली आणि तोंडावर हात दाबून पुढच्या सीटवर वाकली.

"ए, ए! थांब! गिळ ती!" कोल्बीने करकचून ब्रेक दाबला. गाडी ओल्या खडीवर घसरत चौफुलीच्या तोंडाशी थांबली.

टेसा दार उघडून बाहेर पडली. तेवढ्यात मक्यातून काहीतरी लाल निघालं आणि त्यांच्या नाकासमोरून सणकन गेलं. पिकअप होता. त्याच्या वाऱ्याने तिचे केस उडाले. ब्रेक लागला नाही, वेग कमी झाला नाही. स्टिअरिंगवरून फक्त एक बोट वर झालं, तिथले लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला करतात तसं. मग पुन्हा मका.

जोरीने गाणी बंद केली. मारेनने खाली उतरून टेसाचा हात धरला तो सोडेचना. कोल्बीचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"तुझे बाबा होते ना ते?" त्याने विचारलं.

टेसाने हो म्हणून मान हलवली, आणि आता तिला खरोखरच उलटी झाली.

पुढच्या प्रत्येक चौफुलीला कोल्बी थांबला. टेसा खाली उतरून दोन्हीकडे बघून यायची, मग गाडी हलायची. कुणी तिला आजीबाई म्हटलं नाही.

संध्याकाळी जेवताना बाबा कणसाला लोणी फासत होते. पावसामुळे स्वारी अजून खुशीत होती.

"काय गं, गाडी बंद पडली होती का तुमची? मी हात केला. दिसलो ना?"

"दिसलात," टेसा म्हणाली. "बाबा, तुम्हाला आम्ही कधी दिसलो?"

"कधी म्हणजे? चौफुलीवर..."

"चौफुलीत शिरल्यावर, की आधी?"

बाबा हसत काहीतरी बोलणार होते. त्यांची नजर खिडकीकडे गेली. बाहेर त्यांचा पिकअप उभा होता आणि त्याच्या काचेवर धुळीचा कणही नव्हता. मग त्यांनी कणीस तसंच ताटात ठेवलं. "लोट नव्हता दिसला," ते म्हणाले.