डाव्या कानातला वारा

हवालदार खंडोजी निवृत्त होऊन हेब्बाळच्या तळ्याकाठी राहायला आले, ते डाव्या कानात वारा घेऊनच. बर्फातल्या उंच चौकीवर उखळी तोफेशेजारी उभं राहून राहून तो कान गेला होता. ऐकू यायचं बंद झालं आणि वारा तेवढा उरला. सकाळी तळ्यावर धुकं उतरलं, की त्यांना वाटे, आपण अजून वरच आहोत. धुक्यातून सरकणारे बगळे त्यांना उतारावरून येणारी आपली माणसं वाटायची.

अपंगत्व पेन्शनचा अर्ज फेटाळला गेला. बहिरेपण नोकरीमुळं आलेलं नाही, नोकरीत असताना कानाची तक्रार कुठं नोंदलेलीच नाही, असं कारण आलं. खंडोजींनी तो कागद घडी घालून ठेवून दिला. त्यांची बायको गंगव्वा मात्र गप्प बसणारी नव्हती. उजव्या बाजूला येऊन ती म्हणाली, "अहो, तोफेवर तुमच्यासंगट कोण होतं?"

"गुरुराज. इथंच जयनगरला असतो म्हणे."

"मग जावा की त्याच्याकडं. अपिलाची मुदत आहे अजून."

गुरुराजनं दार उघडलं आणि खंडोजींना हाताला धरून आत घेतलं. दोघं गच्चीवर जाऊन बसले, आणि खंडोजींनी कानाचं आणि अर्जाचं सगळं सांगितलं. शेजारच्या झाडाची जांभळी फुलं त्यांच्या पायांशी आवाज न करता पडत होती.

"तुझ्या कानात काय वाजतं?" गुरुराजनं मोठ्यानं विचारलं.

"वारा. का रे?"

"माझ्यात रातकिडे. दोन्ही कानांत."

खंडोजींना हे ठाऊकच नव्हतं. "तेव्हा बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर खाली धाडलं असतं. तुला एकट्याला वर ठेवून जायचं होय?" मग तो म्हणाला, "तू का नाही बोललास?"

"त्याचसाठी," खंडोजी म्हणाले.

ऊन पांढरं होत गेलं, बर्फासारखं.

गुरुराजनं प्रतिज्ञापत्र करून दिलं. अपिलात खंडोजींची पुन्हा तपासणी झाली, आणि पावसाळा सरता सरता निकाल आला: कान नोकरीतच गेला, हे मान्य झालं. गंगव्वानं देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी खंडोजी पुन्हा जयनगरला गेले. "आता तुझा अर्ज," ते म्हणाले.

"राहू दे रे. इतकी वर्षं गेली."

खंडोजी दारातच उभे राहिले. गुरुराजनं थोडा विचार केला, "सरी, चल" म्हणाला आणि चप्पल शोधायला आत गेला.