पास झालेलं घर

ज्यांनी ही योजना आखली, त्यांच्या दिवाणखान्यात हीटर नक्की चालू असणार. नाहीतर असला नियम सुचलाच नसता. तपासनीस घरी जाणार, खोलीचं तापमान मोजणार. खोली अठरा अंशांहून गार निघाली, तर भिंतींना आतून जाड अस्तर आणि कमी विजेवर ऊब देणारं नवं यंत्र, सगळं सरकारी अनुदानातून. तेवढी गार नाही निघाली, तर नमस्कार, येतो आम्ही. बिलाच्या धाकाने कोण किती दिवस कुडकुडत बसतं, ते मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आपला तपासनीस या खात्यात मुरलेला. कचेरीत त्याला 'काटा' म्हणत, कारण मोजमापात तो केसभर इकडचं तिकडे करत नसे. पण माणूस वाटतो तितका कोरडा नव्हता. पाहुणा येणार म्हणून लोक मुद्दाम हीटर लावून बसतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग तो म्हणे, "तो बंद करा, खिडक्या उघडा, मी कोपऱ्यावर चहा घेऊन येतो." किती तरी परक्या घरांचं त्याने असं भलं केलं होतं.

आणि मग आत्याच्या घराची पाळी आली.

"तुमचीच आत्या ना?" साहेब हसत म्हणाले. "जाऊन या. फक्त 'आपला तो बाब्या' होऊ देऊ नका म्हणजे झालं."

साहेबांनी थट्टा केली. याने ती गाठीला बांधली.

आत्याने दार उघडलं तर खोली छान ऊबदार. कोपऱ्यात हीटर लाल झालेला, आणि कित्येक महिन्यांनी लावल्यावर येतो तसा धूळ जळाल्याचा वास. खुर्चीच्या पाठीवर घाईने काढून टाकलेले दोन स्वेटर. कप देताना तिची बोटं त्याच्या हाताला लागली, ती बर्फासारखी गार. आंधळ्यालाही कळलं असतं. काट्यालाही कळलं.

"हीटरजवळ बस," आत्या म्हणाली. "लहानपणापासून तुला थंडी फार वाजते."

'बंद कर तो' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण उद्या कचेरीत म्हणतील, आत्याचं बरोबर जमवलं. त्याने ते शब्द चहाबरोबर गिळले, खोलीचं तापमान मोजलं, एकवीस लिहिलं आणि निघाला.

"नीट झालं ना रे सगळं?" तिने दारात विचारलं.

"हो," तो म्हणाला.

पुढे थंडी वाढली, विजेचे दर वाढले आणि अनुदानाची मुदतही संपली. तो 'हो' मात्र त्याच्या घशात हाडासारखा अडकून बसला होता. शेवटी एका रविवारी तो संत्री घेऊन निघाला. जिन्यात खालच्या मजल्यावरचा शिंपी भेटला.

"तुमच्या आत्याबाई भेटेल त्याला सांगतात, भाच्याने घर तपासलं आणि पास केलं," शिंपी म्हणाला. "आम्ही आपले नापास. त्यामुळे आमच्याकडे अस्तर लागलं, आता मुलं अनवाणी हुंदडतात."

आत्याने दार उघडलं ते कोट आणि कानटोपी घालूनच. बोलताना तिच्या तोंडून वाफ निघत होती. तो संत्री हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आत्या, पास म्हणजे काही मिळत नाही. खोली गार हवी होती. तू माझ्यासाठी हीटर लावलास."

"मग मला सांगायचंस ना."

"लोकांना सांगायचो. तुला नाही सांगितलं. लोक नावं ठेवतील म्हणून भ्यायलो." त्याला मान वर करवेना. "माझं चुकलं."

आत्याने त्याच्या हातातली संत्री टेबलावर ठेवली, कानटोपी सारखी केली. मग सवयीने हीटरपाशी गेली, बटणावर बोट ठेवलं आणि थबकली.

"आता तू आलायस," ती म्हणाली. "लावू की नको? तूच सांग. मला तुमचे नियम कळत नाहीत."

त्याने गारठलेले हात खिशात घातले.

"जाऊ दे. आलेल्या माणसाला गारठ्यात बसवणं मला नाही जमायचं," असं म्हणून तिने बटण दाबलं.

हीटर हळूहळू लाल झाला आणि धूळ जळाल्याचा तोच वास खोलीभर पसरला.