चाचणीतला दुसरा माणूस

बाबांनी सकाळची गोळी पुन्हा बेसिनमध्ये टाकली आणि वर नळ सोडला.

"लेबल नाही. लेबल नसलेला माल गटारात. मग तो कोणाच्या का बापाचा असेना."

माझ्याच बापाचा होता. पण बाबा औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख होते. अल्झायमरने माझं नाव पुसलं, हा नियम मात्र शाबूत ठेवला. पाकीट दाखवलं तर म्हणत, "पाकीट काय, कोणीही छापतं."

मी जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे समजावायची खोड आहेच.

"मेंदूतली एक पेशी दुसरीला रसायनातून निरोप धाडते. निरोप पोचला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या रसायनाचे तुकडे करतं. तुमच्यात मुळात ते रसायनच कमी पडतंय. ही गोळी विकराला अडवते, म्हणजे आहे ते जरा जास्त टिकतं."

"आजार बरा होतो?"

"नाही."

"मग विकता कशाला, बाई?"

"तुझं शास्त्र ठेव बासनात," आत्या म्हणाली आणि तिने गोळी कुटून दुधात घातली. बाबांनी एक घोट जिभेवर घोळवला, कप खाली ठेवला आणि निकाल दिला, "भेसळ."

त्यानंतर आमच्या हातचं काहीच चालेना. स्वतः सोललेली केळी तेवढी खात. पँट कमरेवर टिकेना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर भरती करून नळीने भरवावं लागेल. नळी लावली तर बाबा ती उपटणार, मग त्यांचे हात बांधणार. हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दार वाजवून त्यांच्या खोलीत गेले.

"सर, एका औषधाची चाचणी आहे. दोन माणसं हवीत. एक मी."

बाबा ताठ बसले. "एकाला खरी, एकाला खोटी?"

"हो. कोणाला कुठली, ते दोघांनाही सांगायचं नाही. आणि जेवल्याशिवाय गोळी नाही."

"वाटणार कोण? तूच? मग तुला कळणारच की! ही काय चाचणी झाली?"

पकडली गेले. "वाटप या करतील," म्हणत मी आत्याकडे बोट केलं.

"अगं, मला त्यातलं काय कळतंय?" आत्या दचकली.

बाबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "यांना काही कळत नाही. उत्तम."

आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण बाबा जेवले. आत्याने त्यांना खरी दिली, मला पेपरमिंटची. माझी गिळून झाल्यावर त्यांनी मला जीभ बाहेर काढायला लावली, तपासली आणि मगच स्वतःची घेतली. रोज हेच. दिवसभर माझ्यावर बारीक नजर असे.

पुढच्या तपासणीला बाबांनी मला बाहेर बसवलं आणि आत जाऊन डॉक्टरांसमोरची खुर्ची घेतली. दार नीट लागलं नव्हतं.

"मी ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "मला बहुतेक खोटी मिळतेय. त्या मुलीचं मात्र अवघड आहे. रोज सकाळी विचारते, मला ओळखलंत का? रोज! काल विचारलेलं आज आठवत नाही तिला."

"मग काय करू या?" डॉक्टरांनी विचारलं. हसू दाबल्याचं आवाजातच कळत होतं.

"तिची गोळी चालू ठेवा," बाबा आवाज उतरवून म्हणाले. "एकटी घेणार नाही ती, घाबरट आहे. मी घेत जाईन तिच्यासोबत."